ब्रिटिश टर्बोप्रॉप विमाने : स्मरणरंजन आणि रायगडचा किनारा

प्रस्तावना
वाहतुकीचे एखादे साधन व्यवहारातून निवृत्त झाले की ते स्मरणात नव्याने जगू लागते. कोकण किनाऱ्यावरील बोटींबाबत हा अनुभव परिचित आहे. १९५० ते १९८० या काळातील ब्रिटिश टर्बोप्रॉप प्रवासी विमानांबाबतही अशीच आत्मीयता आढळते. तिची तांत्रिक कारणे कोणती आणि तिच्यातून काय निसटते, याचा विचार प्रस्तुत लेखात रायगड जिल्ह्याच्या संदर्भात केला आहे.

टर्बोप्रॉपचे तत्त्व
डाकोटासारख्या जुन्या विमानांच्या इंजिनात दट्टे मागेपुढे होत. त्यामुळे विमानभर कंप जाणवे. टर्बोप्रॉप इंजिनात तप्त वायूच्या झोताने चक्र फिरते आणि ती गती दंतचक्रांमार्फत कमी करून प्रोपेलरला दिली जाते. गती चक्राकार असल्याने कंप बराच कमी होतो. या तत्त्वावरील रोल्स-रॉइस कंपनीचे 'डार्ट' इंजिन विशेष यशस्वी ठरले. त्याची तीव्र शीळ हीच पुढे या विमानांची ओळख बनली.

चार डार्ट इंजिनांच्या व्हिकर्स व्हायकाउंटचे पहिले उड्डाण १६ जुलै १९४८ रोजी झाले. २९ जुलै १९५० रोजी लंडन-पॅरिस मार्गावर त्याने तिकीटधारी प्रवासी नेले. टर्बोप्रॉप विमानाची ही जगातील पहिली प्रवासी सेवा होय. दाबनियंत्रित कक्ष आणि मोठ्या लंबवर्तुळाकार खिडक्या ही त्याची वैशिष्ट्ये होती.

भारतातील आगमन
१९५३ मध्ये विमान वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण होऊन इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशन अस्तित्वात आले. या महामंडळाने १९५७ मध्ये व्हायकाउंट सेवेत आणले. १९६४ मध्ये फ्रेंच बनावटीचे कॅरॅव्हेल जेट आले आणि प्रमुख मार्गांवरील व्हायकाउंटचे महत्त्व ओसरू लागले.

दोन डार्ट इंजिनांच्या अ‍ॅव्रो ७४८ ची कथा निराळी आहे. ब्रिटनमध्ये २४ जून १९६० रोजी प्रथम उडालेले हे विमान परवान्याने कानपूर येथे तयार होऊ लागले. तेथे जुळवलेल्या पहिल्या विमानाने १ नोव्हेंबर १९६१ रोजी उड्डाण केले. हवाई दलाचे दिवंगत प्रमुख सुब्रतो मुखर्जी यांच्या स्मरणार्थ त्याला 'सुब्रतो' हे नाव देण्यात आले. कानपूरला एकूण ८९ विमाने तयार झाली. त्यांपैकी बहुतांश हवाई दलाकडे आणि काही इंडियन एअरलाइन्सकडे गेली. त्यामुळे मूळ आराखडा ब्रिटिश असला, तरी भारतीयांना अ‍ॅव्रो परके वाटले नाही.

मंद उड्डाणाचे आकर्षण
जेट विमान लांबच्या प्रवासात दहा किलोमीटरच्या आसपास उंची गाठते. टर्बोप्रॉपचा वेग त्याच्या निम्म्याहून थोडा अधिक. आणि जवळच्या प्रवासात फार उंच जाण्याचे त्याला प्रयोजनही नसते. म्हणूनच स्वच्छ हवेत खालचा प्रदेश ओळखता येतो. धरमतरची खाडी, अलिबागचा कुलाबा किल्ला, रेवदंड्याजवळ कुंडलिकेचे मुख आणि मुरुडसमोरील जंजिरा ही नकाशावरील नावे अशा उंचीवरून प्रत्यक्ष भूमी होतात. प्रवाशाला केवळ अंतर कापल्याचे नव्हे, तर प्रदेशातून गेल्याचे समाधान मिळते. स्मरणरंजनाचा गाभा येथे आहे.

स्मरणाची दुसरी बाजू
तथापि भूमीची हीच जवळीक पावसाळ्यात संकट ठरू शकते. ४ ऑगस्ट १९७९ रोजी पुण्याहून मुंबईला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे अ‍ॅव्रो खराब हवामानात तत्कालीन कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील पनवेलजवळच्या डोंगरावर आदळले. विमानातील सर्व ४५ जण मृत्युमुखी पडले. पुणे-मुंबई हवाई अंतर जेमतेम सव्वाशे किलोमीटर. एवढ्या अंतरात विमानाला घाट ओलांडून लगेच खाली यावे लागते, आणि मोसमी ढगांत कोकणातील सुट्या टेकड्या दिसत नाहीत.

येथे किनाऱ्यावरीलच एक तुलना उपयुक्त ठरते. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे दगावली. बोटीच्या प्रवासाच्या आठवणी कोकणात जिव्हाळ्याने सांगितल्या जातात; पण त्यांत 'रामदास'चे नाव येतेच. समाजाने तेथे सुख आणि दुःख एकत्र जपले आहे. विमानाच्या स्मरणरंजनात मात्र इंजिनाची शीळ आणि खिडकीतील दृश्य यांनाच स्थान मिळते. पनवेलच्या डोंगराचा उल्लेख क्वचित होतो. विमानप्रवास मोजक्यांनाच परवडणारा होता आणि बोटीत मात्र गावेच्या गावे चढत, हे या फरकाचे एक कारण संभवते.

निष्कर्ष
टर्बोप्रॉपचे तत्त्व कालबाह्य झालेले नाही. कमी अंतर आणि आखूड धावपट्टी असेल, तेथे ते आजही काटकसरीचे ठरते. २०१७ मध्ये 'उडान' योजनेची पहिली सेवा शिमला-दिल्ली मार्गावर सुरू झाली, तीही टर्बोप्रॉप विमानानेच. दरम्यान, भूमी जवळ आल्याचा इशारा देणाऱ्या यंत्रणेमुळे आणि उपग्रहाधारित दिशादर्शनामुळे डोंगरांचा धोका पुष्कळ घटला आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी पनवेल परिसरातच नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्‌घाटन झाले. यापुढे या जिल्ह्याचा हवाई इतिहास लिहिला जाईल, तेव्हा त्यात व्हायकाउंट-अ‍ॅव्रोचे कौतुक अवश्य असावे. पण त्याच पानावर १९७९ च्या त्या ४५ जणांचीही नोंद असावी. त्या नोंदीवाचून हे स्मरण अपुरे राहील.