फुरसुंगीचा पोर आणि साहित्याची ओसरी

2017 साली भा. रा. भागवतांचा शाळकरी नायक बनेश ऊर्फ ‘फास्टर फेणे’ रुपेरी पडद्यावर अवतरला, दिलीप प्रभावळकरांनी त्या चित्रपटात साक्षात भागवतांची भूमिका वठविली, आणि ज्यांनी भागवतांच्या हयातीत बालसाहित्याला सारस्वताच्या दरबारात ओसरीपलीकडे पाऊल टाकू दिले नव्हते, त्यांनाही या लेखकाच्या थोरवीचा एकाएकी साक्षात्कार झाला. पडद्यावरचा बनेश मात्र वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला बसलेला तरुण. शाळकरी पोर नायक म्हणून हल्ली खपत नाही, असा व्यापारी हिशेब त्यामागे असावा.

भागवतांचा 1910 साली इंदुरास जन्म, आकाशवाणीतील नोकरी, ‘बालमित्र’ मासिकाचे संपादन, 2001 मध्ये देहावसान, हा तपशील दप्तरी रुजू आहे. त्याची उजळणी कोणीही करावी. मला रेंगाळायचे आहे ते सत्तरीच्या दशकात, जेव्हा वाचनालयाच्या बालविभागात पुठ्ठ्याचे कोपरे बोटांनी मऊ पडलेली आणि मुदतीच्या चिठ्ठीवर शिक्क्यांवर शिक्के उमटलेली पुस्तके म्हटली की ती बहुधा भागवतांचीच असत. राजपुत्र आणि आज्ञाधारक आदर्श बालक यांच्या सहवासात गुदमरलेल्या आम्हा मुलांना फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात शिकायला आलेला, किडकिडीत अंगाचा, सायकलवर टांग टाकून नसत्या लफड्यांत शिरणारा आणि मोक्याच्या क्षणी जिभेने ‘टॉक्’ करणारा हा पोर भेटला, तेव्हा बोधामृताच्या सक्तीतून आमची प्रथमच सुटका झाली. आमच्या वाचनालयाच्या कारभाऱ्यांना ते रुचले नाही. ‘असल्या’ पुस्तकांऐवजी चरित्रे न्यावीत, असे त्यांचे तोंडी फर्मान होते, आणि ते आम्ही यथाशक्ती मोडीत असू.

समीक्षकांनी ‘निव्वळ रंजन’ एवढ्या दोन शब्दांत या लेखणीची बोळवण केली. ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्यांना ‘चंद्रावर स्वारी’, ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ अशी खास देशी नावे देऊन, परक्याची गोष्ट ऐकतो आहोत याचा बालवाचकाला मागमूसही लागू न देणे, यासाठी भाषेवर जी हुकमत लागते, तिचा मुलाहिजा त्यांनी कधी केला नाही. प्रौढांच्या दुर्बोध कवितेवर मात्र त्यांची शाई अखंड वाहत राहिली.

आणि फुरसुंगी? पुणेकरांना ते गाव गेली कित्येक वर्षे कचरा डेपोमुळेच ठाऊक. भागवतांचीही गत फारशी निराळी नाही. अलीकडे एका ग्रंथालयात मी नातवासाठी भागवतांचे पुस्तक मागितले, तेव्हा काउंटरवरच्या तरुणाने अत्यंत अदबीने विचारले, “आजोबा, सिनेमावरनं काढलंय तेच ना?”