पानावरचं पीठ आणि शेंदाड शिपाई

पाऊस मागे पडतो, रात्री गार आणि दिवस कोरडे होतात, आणि धाराशिवकडच्या परड्यातला काशीफळाचा वेल आठवड्याभरात म्हातारा दिसायला लागतो. पानांवर कुणी ज्वारीचं पीठ चाळून टाकावं तसा पांढरा थर. ही भुरी. द्राक्षबागायतदार तिच्या नुसत्या नावानं दचकतो. द्राक्षावरची बुरशी निराळी, वेलवर्गातली निराळी, पण दोघींची खोड सारखीच.

बहुतेक बुरशींना रुजायला पानावर ओल लागते. हिला पाण्याचा थेंबही नको. बीजाणू कोरड्या पानावर पडतो, रुजतो आणि वरच्या सालीतल्या पेशीत एक सूक्ष्म नळी खुपसून रस ओढत बसतो. पेशीला मात्र मारत नाही, कारण मेलेल्या पेशीवर ही बुरशी जगूच शकत नाही. तिचं सगळं घोडं इथंच अडतं. भुरीला दाद न देणाऱ्या खरबुजात काय होतं, तर जिला बुरशीनं तोंड लावलं ती पेशी स्वतःच मरून जाते. चोर पाण्याला आला म्हणून विहीरच बुजवावी, तसं! बुरशी जागच्या जागी उपाशी.

ही युक्ती शोधायची वेळ आली कॅलिफोर्नियात. 1925च्या सुमारास तिथल्या इम्पीरियल खोऱ्यातले खरबुजाचे मळे भुरीनं पांढरे पडले. गंधक मारावं, तर उन्हात खरबुजाची पानंच करपत. उतारा मिळाला भारतातून गेलेल्या बियाण्यात. तिथल्या गोड ‘हेल्स बेस्ट’शी त्याचा संकर झाला आणि 1936 साली ‘पीएमआर 45’ हा वाण शेतात आला. दोनच वर्षांत, 1938 मध्ये, त्यालाही न जुमानणारी भुरीची नवी जात उगवली. पैदासकार पुन्हा भारतीय बियाण्याकडेच वळले. पुढेही ‘पीआय 414723’ या क्रमांकाचं, ‘फूट’ म्हणतात त्या भारतीय खरबुजाचं बी जगभरच्या प्रयोगशाळांत फिरलं. पिकताच फुटणारं, चवीला बेताचं हे फळ. पण भुरी, मावा आणि एक विषाणू अशा तिघांना तोंड देणारं.

भोपळ्याची गोष्ट याहून नवलाची. झुकिनीच्या कुळात भुरीला अडवणारं फारसं काही नव्हतं. ते सापडलं मेक्सिकोतल्या एका रानभोपळ्यात. फळ चेंडूएवढं आणि कडूजहर. त्याचं झुकिनीशी सरळ जुळेना, म्हणून कॉर्नेल विद्यापीठात मध्यस्थ घेतला. तो होता कुकुर्बिटा मोशाटा, म्हणजे ज्याचे आपण घारगे करतो त्या काशीफळाची जात. आधी रानभोपळ्याचा गुण काशीफळात उतरवला, मग तिथून पुढे. दर पिढीला गोड आईशी पुन्हा संकर करायचा, रोपांवर भुरी सोडायची आणि जी रोपं हिरवी राहतील तीच ठेवायची. पहिल्या संकरात रानातला वाटा निम्मा, मग पाव, मग अर्धपाव. असे सात संकर उलटले की तो सरासरी एक टक्क्याच्याही खाली येतो. कडवटपणा गळतो, राखण उरते. पण चाळणीतून पीठ टाकून नेमका एक कण ठेवायचा, असलं हे काम. त्यात माणसांची उमेदीची वर्षं जातात.

आपल्याकडे भित्र्या माणसाला ‘शेंदाड शिपाई’ म्हणतात. मला हा शेंदाडावर अन्याय वाटतो. तुरीच्या नाहीतर ज्वारीच्या रानात आपसूक उगवणारं शेंदाड आणि वाळूक ही खरबुजाचीच गावठी भावंडं. प्रत्येक वेल भुरीला पुरून उरेल असं नाही. पण पहारेकरी सापडले ते याच गोतात, दुकानातल्या देखण्या फळांत नव्हे.

तेव्हा यंदा खुरपताना शेंदाडाचा वेल दिसला, तर लगेच उपटू नका. शेजारचा वेल भुरीनं पांढरा झाला असताना हा हिरवा राहिला, तर दोन फळं वेलावर पूर्ण पिकू द्या आणि बी वाळवून राखेत घोळून ठेवा.