आधी चाल, मग गड, मग बूट

मंडळी, चिठ्ठीत प्रश्न आलाय, “गडावर जायला कुठला बूट चांगला?” मी उलट विचारतो, कुणाच्या पायाला आणि कुठल्या गडाला?

ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रात मायलो नावाच्या पैलवानाचं उदाहरण दिलंय. दहा मापं अन्न फार होतं, दोन कमी पडतं, मग वस्तादाने प्रत्येकाला सहाच वाढावीत का? मायलोला ती पुरणार नाहीत आणि नव्या पोराला जड होतील. कुस्तीच्या या मुलखात हे फोड करून सांगायला नको. आपल्या परंपरेत याच्या जवळचा शब्द आहे, अधिकारभेद. ज्याची जशी तयारी, तसं त्याचं साधन. गुलमर्गच्या बर्फावर घसरणारे लोकही हेच करतात. भुसभुशीत ताज्या बर्फासाठी रुंद पट्ट्या घेतात, कारण त्या बुडत नाहीत. दाबून घट्ट केलेल्या उतारावर अरुंद पट्ट्या घेतात, कारण त्या चटकन वळतात.

आता आपल्याकडे या. जतच्या माळावर आपण कोसभर सहज चालतो, पण ती चाल सपाटीची. गड चढताना छातीची परीक्षा होते आणि उतरताना गुडघ्याची. बरेच जण चढाईचाच हिशेब करतात आणि उतारावर अडकतात. म्हणून आधी स्वतःला विचारा, मला सावकाश बघत जायचंय, की भराभर माथा गाठायचाय? पाठीवर ओझं किती असेल?

निवांत चालणाऱ्याला सज्जनगड बरा. वरपर्यंत गाडीरस्ता आहे, पुढे पायऱ्या. तिथे रोजचे, घट्ट बसणारे बूट पुरतात. साताऱ्याचा अजिंक्यताराही सुरुवातीला चांगला. वासोट्याची गोष्ट वेगळी. बामणोलीहून शिवसागर जलाशय होडीने ओलांडायचा, वनखात्याची परवानगी घ्यायची आणि मग दाट रानातला उभा चढ. परतीची होडी गाठायची असते, म्हणजे चालीला वेळेचं बंधन आलं. रेंगाळत चालणाऱ्याने तिथे उशिरा निघू नये.

गड ठरला की मग बूट. मुरमाड घसाऱ्यावर खोल खाचांचा तळ हवा, कोरड्या कातळावर मऊ रबर पकड धरतं. जड ओझं असेल तर घोटा झाकणारा बूट घ्या, हलक्या पिशवीला हलका बूट बरा. शेवाळलेल्या ओल्या कातळावर मात्र किमती बुटावरही विसंबू नका.

खरेदीला संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. गडावर घालणार तेच मोजे घाला. दुकानाच्या पायऱ्या उतरून बघा, बोटं पुढे आपटली तर तो बूट तुमचा नाही. घेतल्यावर आठ-पंधरा दिवस गावातच वापरा. नवा बूट थेट गडावर नेला की फोड आलेच म्हणून समजा.

बाजार आधी बूट विकतो, मग त्या बुटाच्या भरवशावर आपण गड निवडतो. हा क्रम उलटा आहे आणि त्याची किंमत गुडघा मोजतो, कधी जीवही. शेजाऱ्याचा गड तुम्हाला पेलेलच असं नाही, आणि अर्ध्या वाटेवरून परत फिरण्यात कसलाही कमीपणा नाही.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न येऊ द्या.