बरणीतला साप जेवत का नाही?

धानाच्या बांधीत सापडलेली पाणदिवड मुलं बरणीत ठेवतात आणि विचारतात, "सर, ही दूध का पीत नाही?" चंद्रपूर-गडचिरोलीकडे पावसाळ्यात हे ठरलेलंच. दूध हे सापाचं अन्नच नाही. नागपंचमीला नाग पितो तो तहानेपोटी, कारण त्याला आधी कित्येक दिवस पाण्याविना ठेवलेलं असतं. पाणदिवड मासे-बेडूक खाते, धामण उंदीर. पण घाबरलेला साप आवडीचं भक्ष्यही नाकारतो, गिळलंच तर ओकून टाकतो. म्हणून नवं खाणं शिकवत बसू नये. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आपल्याकडचे साप पाळता येत नाहीत. पालकांनो, बरणी मुलांना उघडायला लावू नका हं! विषारी-बिनविषारी आपल्यालाही चटकन ओळखू येत नाही. वनविभागाला किंवा जाणकार सर्पमित्राला बोलवा. चार दिवस उपाशी राहिल्याने साप मरत नाही, बंद बरणीत उन्हाने मात्र मरतो.