त्रिमितीचं कातरकाम

चार्ल्स व्हीटस्टन यांनी 1838 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आपला निबंध मांडला, तेव्हा छायाचित्रणाची जाहीर घोषणा व्हायला अजून वर्षभर अवकाश होता. दोन डोळ्यांना थोडी वेगवेगळी दिसतील अशी दोन रेखाचित्रं काढायची, आरशांतून एकेका डोळ्याला एकेक दाखवायचं, की सपाट कागदावरचा ठोकळा उभा राहतो, एवढंच त्यांनी दाखवलं. म्हणजे या कलेला जन्मापासून कॅमेऱ्याची गरज नव्हती. आजही ती कॅमेऱ्यात थोडी आणि कापण्या-चिकटवण्याच्या टेबलावर जास्त असते, असं माझं मत आहे.

डेव्हिड ब्रूस्टर यांनी 1849 मध्ये आरशांच्या जागी भिंगं आणली. पॅरिसच्या ज्यूल द्युबॉस्क यांनी त्याची देखणी पेटी घडवली आणि 1851च्या लंडनमधल्या महाप्रदर्शनात ती व्हिक्टोरिया राणीच्या मनात भरली. मग काय विचारता! 1854 मध्ये लंडन स्टिरिओस्कोपिक कंपनी निघाली, जोडचित्रांच्या कार्डांचा पूर आला. श्रेय कुणाचं यावरून व्हीटस्टन आणि ब्रूस्टर यांची जाहीर जुंपली, ती मात्र दोघांच्याही विद्वत्तेला शोभणारी नव्हती.

खरं उपकारी काम केलं बॉस्टनच्या ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी. पेशाने डॉक्टर, वृत्तीने निबंधकार. 1861च्या सुमारास त्यांनी पेटीच काढून टाकली. राहिली दोन भिंगं, उजेड अडवणारी झापड, खाली हातात धरायला मूठ आणि कार्ड पुढे-मागे सरकवायची पट्टी. पेटंट घेतलंच नाही, त्यामुळे ज्याला हवं त्याने हे यंत्र बनवलं. अमेरिकेत साडेतीन बाय सात इंचांचं कार्ड रूढ झालं. होम्स पद्धतीच्या दर्शकात आजही तेच बसतं.

आता टेबलाकडे येऊ. दोन भिंगांच्या कॅमेऱ्यात प्रत्येक भिंग आपली प्रतिमा उलटी पाडतं. निगेटिव्ह सुलट करायला अर्धा फेरा फिरवली, की डाव्या भिंगाचं चित्र उजवीकडे जातं. ते तसंच छापून चिकटवलं तर खोली उलटते: जवळचं लांब जातं आणि मागची भिंत माणसाच्या पुढे येते. म्हणून अंड्याच्या पांढऱ्याचा लेप दिलेल्या कागदावरची छपाई मधोमध कापायची, डावं-उजवं अदलाबदल करायचं आणि पुठ्ठ्यावर डकवायचं. लाखो कार्डांच्या मागे हीच कातर आणि खळ आहे, पण कार्डावर नाव येतं ते छायाचित्रकाराचं किंवा प्रकाशकाचं.

फ्रेंच कारागिरांनी तर पुढची मजल मारली. पातळ कागदावर छापायचं, मागून रंगवायचं, दिव्यांच्या जागी सुईने भोकं पाडायची. समोरून उजेड पडला की दिवस, मागून पडला की रात्र आणि दिव्यांची रोषणाई. 1860च्या दशकातले मातीच्या सैतानांचे देखावे याच पद्धतीचे, त्यातल्या भुतांचे डोळे लाल चमकतात. मला विचाराल तर या सगळ्या धंद्यात एवढी खट्याळ गोष्ट दुसरी झाली नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी अंडरवुड अँड अंडरवुड आणि कीस्टोन या अमेरिकी कंपन्यांनी कार्डांचे संच करून घरबसल्या जगाची सफर विकली. शाळामास्तरकी सोडून कॅमेरा घेतलेल्या जेम्स रिकल्टन यांचा भारतावरचा शंभर कार्डांचा संच, नकाशे आणि पुस्तकासह, 1907 मध्ये निघाला. मुंबईही त्यात आहे. अंडरवुडच्या कार्डांच्या पाठीवर शीर्षक सहा भाषांत छापलेलं असे, स्वीडिश आणि रशियनसुद्धा. या संचात ज्यांची चित्रं होती त्यांची एकही भाषा नाही.

याच काळात शिळाछापाची स्वस्त रंगीत कार्डंही आली. नुसत्या डोळ्याला बरी दिसतात, भिंगाखाली मात्र छपाईचे ठिपके रांगोळीसारखे पसरतात. हा धडा आजही लागू आहे.

आज जोडचित्र घ्यायला एक मोबाइल पुरतो. डाव्या पायावर भार देऊन एक फोटो, उजव्या पायावर देऊन दुसरा. साधारण नियम असा की सर्वांत जवळची वस्तू जितक्या अंतरावर, त्याच्या तिसाव्या भागाएवढं सरकायचं. दोन मीटरवरच्या तुळशीवृंदावनासाठी सात सेंटीमीटरच्या आतबाहेर, म्हणजे जवळपास आपल्या दोन डोळ्यांमधलं अंतर. शंभर मीटरवरच्या बुरुजासाठी तीन मीटरहून थोडं अधिक, पण मग बुरूज खेळण्यातला दिसू लागतो. हलतं पान, लाटा आणि लहान मुलं या पद्धतीत बसत नाहीत. खगोलनिरीक्षक वॉरन डी ला रू यांनी 1850च्या दशकाअखेर चंद्राचं जोडचित्र केलं, ते न सरकताच. चंद्र स्वतःच थोडा डोलतो, त्या डोलण्यातलाच फरक त्यांनी वापरला.

जपानच्या मासुजी सुतो यांचं स्टिरिओफोटो मेकर हे मोफत सॉफ्टवेअर दोन्ही चित्रं समतल करून देतं. एक चित्र जरा वर गेलं तरी डोळे ताणतात, म्हणून हे आधी. त्यानंतर चौकट. डाव्या चित्राची डावी आणि उजव्याची उजवी कड थोडी छाटली, की देखावा खिडकीपलीकडे जातो. हे चुकलं आणि जवळचा माणूस कडेने अर्धा कापला गेला, तर डोकं दुखतं आणि दोष दर्शकाला दिला जातो.

या छंदाला पुन्हा प्रतिष्ठा देणाऱ्यांत क्वीन बँडचे गिटारवादक ब्रायन मे अग्रभागी. लहानपणी वीटाबिक्स या न्याहारीच्या पाकिटातली कार्डं जमवणाऱ्या या खगोलशास्त्रज्ञाने जुन्या लंडन कंपनीचं नाव पुन्हा चालू केलं आणि आऊल नावाचा घडीचा दर्शक काढला.

भिंगाखालचे ते ठिपके टाळायचे, तर छपाईसाठी फोटो लॅबच गाठावी. पाच बाय सातच्या कागदावर एक कार्ड बसतं, आठ बाय दहावर दोन. कागद मॅट घ्यावा, चकचकीत कागदावर खिडकीचा उजेड येतो. आणि काउंटरवर एक गोष्ट बजावून सांगावी: कडेपर्यंत छापण्यासाठी चित्र आपोआप मोठं करायची सोय बंद ठेवा. नाहीतर घरी मोजून कापलेली चौकट यंत्र स्वतःच्या मर्जीने कापतं.