पगार बघून पावती

फिनलंडमध्ये गुन्हा एकच असला, तरी दंड माणसागणिक बदलतो. १९२१ पासून तिथे ‘दिवस-दंड’ आहे. गुन्हा किती गंभीर, त्यावर न्यायव्यवस्था दिवस ठरवते. एका दिवसाची किंमत ठरते कमाईवरून. महिन्याच्या हातात पडणाऱ्या उत्पन्नातून २५५ युरो वजा करायचे, उरलेल्याला ६० ने भागायचे. म्हणजे २,०५५ युरो मिळवणाऱ्याचा दिवस ३० युरोंचा, १२ दिवसांचे झाले ३६०. पोरंबाळं पदरात असतील तर थोडी सूटही मिळते.

किरकोळ वेगभंगाला ठरावीक रक्कमच असते. खरी गंमत मर्यादा भरपूर ओलांडल्यावर. २०२३ मध्ये ओलांड बेटांवरचे उद्योगपती अँडर्स विक्लोफ ताशी ५० च्या टप्प्यात ८२ ने गेले आणि १,२१,००० युरोंची पावती फाटली! आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीनुसार हलक्या वाहनाला अतिवेगासाठी १,००० ते २,००० रुपये, मग चालवणारा टॅक्सीवाला असो की कारखानदार.

अर्थात, ही पद्धत उचलून कुठेही लावता येत नाही. फिनलंडमध्ये करखात्याची माहिती पोलिसांना चटकन मिळते, म्हणून ती चालते. इंग्लंड-वेल्समध्ये १९९२ च्या ऑक्टोबरात असाच प्रयोग सुरू झाला. वेफर्सचं रिकामं पाकीट रस्त्यावर टाकणाऱ्या एकाने उत्पन्नाचा तपशीलच दिला नाही, तर त्याला १,२०० पौंड लागले. ओरड झाली आणि १९९३ मध्येच प्रयोग गुंडाळला गेला.