तिरळेपणाचे वय

तान्ह्या बाळाचे डोळे पहिले दोन-तीन महिने अधूनमधून एकमेकांची साथ सोडतात, कधी आत तर कधी बाहेर वळतात आणि पुन्हा जागेवर येतात. प्रत्येक डोळा फिरवणारे सहा स्नायू जन्मतःच असले, तरी दोन्ही डोळ्यांकडून आलेल्या प्रतिमा जुळवून एकच चित्र पाहण्याची मेंदूची क्षमता त्यानंतर हळूहळू घडते. ‘मोठेपणी आपोआप सरळ होईल’ हे घराघरांत दिले जाणारे आश्वासन एवढ्याच काळापुरते खरे आहे. चौथा महिना उलटूनही डोळा वळलेलाच राहिला, तर बाळ ‘नशीबवान’ आहे या समजुतीत न राहता नेत्रतज्ज्ञाकडे जाणे आवश्यक ठरते.

तिरळेपणा कोणत्या वयात दिसू लागला, यावरून त्याच्या कारणाचा पहिला माग लागतो. सहा महिन्यांच्या आत सुरू होणाऱ्या प्रकारात डोळा नाकाकडे बराच आणि सतत वळलेला असतो व त्यावर बहुधा शस्त्रक्रियाच करावी लागते. साधारण दोन-तीन वर्षांच्या वयात, म्हणजे मूल चित्रांत आणि बारीक वस्तूंत रमू लागते तेव्हा, दुसरा प्रकार उघड होतो. अशा मुलाला प्लसचा नंबर असतो. स्पष्ट दिसावे म्हणून त्याला डोळ्यातील भिंगावर जादा ताण द्यावा लागतो, आणि जवळचे पाहताना भिंगाला ताण देणे व डोळे आत वळवणे या क्रिया निसर्गानेच एकत्र बांधलेल्या असल्यामुळे त्या ताणासोबत डोळाही आत ओढला जातो. योग्य चष्मा लागताच ताण उतरतो आणि पुष्कळ मुलांचे डोळे शस्त्रक्रियेविना सरळ राहतात, म्हणून एवढ्या लहान मुलाला चष्मा कशाला, हा आक्षेप त्या मुलाला महागात पडतो. बाहेर वळणारा डोळा बहुधा एक ते चार वर्षांच्या दरम्यान आणि तोही थकव्यात, तापात किंवा दूर पाहताना दिसतो. उन्हात एकच डोळा मिटून घेणे ही त्याची ओळखीची खूण होय.

रुंद नाकाचे किंवा डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यावर त्वचेची घडी असलेले बाळ तिरळे नसतानाही तसे भासते, हे खरे. पण हा निर्वाळा तपासणीनंतरच द्यावा. एकाच डोळ्याचा तिरळेपणा टिकला, तर दुहेरी चित्र टाळण्यासाठी मेंदू त्या डोळ्याचा संदेश दाबतो आणि त्याची नजर मंदावते. शास्त्रज्ञ हूबेल आणि वीझेल यांनी मांजराच्या पिल्लांवरील प्रयोगांतून नजर घडण्याचा बालवयातील संवेदनशील काळ दाखवून दिला व त्यांना 1981 चे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणूनच चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधण्याचा उपचार सात-आठ वर्षांच्या आत सर्वांत फलदायी ठरतो.

गोंदिया शहराला लागून असलेल्या फुलचूरमधील पालकांसाठी तपासणीची वाट लांब नाही. 2013 पासून राबवल्या जाणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा, तर शाळेतील मुलांची एकदा तपासणी अपेक्षित आहे, आणि गोंदियात 2016 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. मात्र डोळा वळण्यासोबत बाहुलीत पांढरी चमक दिसली, तर मोतीबिंदू किंवा दृष्टिपटलाचा कर्करोग असू शकतो. अशा वेळी पुढच्या तपासणीची वाट न पाहता मुलाला ताबडतोब नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे.